मानीव चर्चा

तुंगारे सरांनी ते भाषण केलं तेव्हा पाळी माझी होती. सभागृहात आम्ही प्रतिवेदक पाच-पाच मिनिटांनी बदलतो. त्याहून जास्त वेळ माणसाने इतकं बोलणं लक्ष देऊन ऐकू नये, असं कुणा डॉक्टरचं मत पडलं असावं. सगळ्या बाकांच्या मधोमध, खोलगट जागेत एक अर्धगोल टेबल आहे आणि त्याला एक बिनपाठीचं स्टूल. त्या स्टुलावर बसून मी सव्वीस वर्षं इतरांचं म्हणणं लघुलिपीत उतरवून घेतलं. माझं काही म्हणणं आहे का, असं त्या काळात कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते बरंच होतं.

"परदेशात फौज पाठवायची असेल तर आधी या सभागृहाला विचारा," तुंगारे सर म्हणाले. ते तेव्हा विरोधी बाकांवर होते, आसन तीनशे बारा. "विचारा म्हणजे कळवा, असं नव्हे. ज्यांची मुलं तिकडे जाणार, त्या आयांना निदान दोन्ही बाजू ऐकायला मिळाल्या पाहिजेत. ज्याची कारणं मोठ्याने सांगता येत नाहीत, त्या कामासाठी दुसऱ्याचं मूल मागू नये."

समोर आसन सातवरून संरक्षणमंत्री रणदिवे उठले. म्हणाले की राष्ट्राच्या सुरक्षेची चर्चा चव्हाट्यावर होत नसते, ऐकणाऱ्यांत शत्रूही असतो, आणि योग्य वेळी सभागृहाला विश्वासात घेतलं जाईल. मग ते पाणी प्यायले आणि बसले. दोन वर्षांनी फौज परत आली. योग्य वेळ काही आली नाही.

त्या संध्याकाळी तुंगारे सर आमच्या खोलीत आले. सदस्याला आपल्या भाषणाची कच्ची प्रत तपासायला मिळते, तशी प्रथा आहे. बाकीचे सदस्य ती स्वीय सहायकाकडे देतात आणि सहायक भाषण इतकं सुधारतात की ते आपणच लिहून घेतलं होतं यावर आमचा विश्वास बसत नाही. तुंगारे सर एकटेच स्वतः यायचे. सांगलीकडच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, येताना जयसिंगपूरच्या भडंगाचा पुडा आणायचा. टेबलावर पुडा फोडून, चष्मा नाकावर चढवून, फक्त स्वल्पविराम तपासायचे.

"ताई, शब्दाला हात लावायचा नाही. बोललो ते बोललो."

माझी मुलगी नूपुर तेव्हा लष्कराच्या वैद्यकीय कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. फोनवर मी तिला ते भाषण वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, हा माणूस मंत्री व्हायला पाहिजे."

झाला.

त्याआधी यंत्र आलं. त्याचं सरकारी नाव 'पूर्वलेख'. बनवणारा मुजावर मिरजेचा, पस्तिशीचा, भाषा आणि गणित दोन्ही येणारा. अशी माणसं सहसा एकातून दुसऱ्यात पळून गेलेली असतात, हा दोन्हीकडे रमायचा. मी प्रतिवेदक संघटनेची सरचिटणीस होते, त्यामुळे विरोध करण्याआधी समजून घेणं मला भाग होतं.

"सोपं आहे ओ, ताई," तो म्हणाला. "'माननीय' म्हटल्यावर पुढं 'अध्यक्ष' येणार, हे तुम्हाला कळतंय का नाही? ते कसं? तुम्ही हजारदा ऐकलंय. यंत्रानं पन्नास वर्षांची सगळी भाषणं ऐकलीत. त्याला पुढचा एक शब्द नाही, पुढची चार पानं कळतात. विषय सांगायचा, बोलणारा सांगायचा, समोर कोण बसलंय ते सांगायचं. त्या तोंडातनं काय निघायची शक्यता सगळ्यात जास्त, ते लिहून देतंय."

"आणि माणूस आयत्या वेळी वेगळंच काही बोलला तर?"

"मग यंत्र चुकलं. तुम्ही दुरुस्त करायचं. त्यासाठीच तुम्हाला ठेवलंय."

आदल्या दिवशी उद्याच्या भाषणांचा मसुदा यायला लागला. आम्ही फक्त स्टुलावर बसून बरोबरच्या खुणा करायच्या. पहिल्या आठवड्यात आम्ही हसलो. दुसऱ्या आठवड्यात माझी सहकारी संध्या नलावडे म्हणाली, "कर्णिक मॅडम, यात खोकलासुद्धा आहे." मसुद्यात कंसात 'पाणी पितात' असं लिहिलेलं असायचं आणि पुढच्या दिवशी बरोबर त्या वाक्यावर समोरचा सदस्य पेल्याकडे हात न्यायचा. तिसऱ्या आठवड्यात कुणी हसलं नाही. सदस्यांना हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. त्यांच्याही पडद्यावर मसुदा येत होता. सुरुवातीला ते चिडून मुद्दाम वेगळं बोलायचे. पण वेगळं बोलायला तयारी लागते.

मग निवडणूक झाली आणि बाजू बदलल्या. तुंगारे सर आसन सातवर, संरक्षणमंत्री म्हणून. रणदिवे समोर, तीनशे बारावर. आमच्या खोलीत पैजा लागल्या. यंत्र आता तोंडघशी पडणार, कारण नव्या मंत्र्यांच्या तोंडचं एकही मंत्रिपदाचं भाषण त्याने ऐकलेलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी रणदिवे उठले आणि म्हणाले, "परदेशात फौज पाठवायची असेल तर आधी या सभागृहाला विचारा. विचारा म्हणजे कळवा, असं नव्हे."

मी मान वर केली नाही, कारण प्रतिवेदकाने मान वर करायची नसते. आवाज वऱ्हाडी होता, एवढाच फरक. उत्तराला तुंगारे सर उठले. राष्ट्राच्या सुरक्षेची चर्चा चव्हाट्यावर होत नसते, म्हणाले. योग्य वेळी, म्हणाले. पाणी प्यायले. माझ्या समोरच्या मसुद्यावर दुरुस्त्या करायला पेन्सिल जेमतेम लागली. शंभरातले सत्त्याण्णव शब्द बरोबर.

संध्याकाळी आमच्या खोलीचं दार वाजलं. रणदिवे स्वतः आले होते. मंत्री असताना सात वर्षांत एकदाही न आलेले. हातात संत्रा बर्फीचा डबा. टेबलावर डबा उघडला, चष्मा नाकावर चढवला.

"ताई, शब्दाले हात नको लावा. बोललो ते बोललो. फक्त स्वल्पविराम पाहतो."

मी बर्फी घेतली. चांगली होती.

चौथ्या दिवशी मुजावर आला, तो दारातच उभा राहिला. तोंड उतरलेलं.

"ताई, एक विचारू? तुमच्या वह्यांत बोलणाऱ्याचा जो नंबर असतो, तो त्या माणसाचा कायमचा नंबर असतो ना? हजेरीचा असतो तसा?"

इथे थोडं सांगितलं पाहिजे. छापील वृत्तांत सदस्यांनी सुधारलेला असतो, म्हणून मुजावरला तो नको होता. त्याला तोंडातून निघालेले शब्द हवे होते, आणि ते फक्त आमच्या लघुलिपीच्या वह्यांत होते. पन्नास वर्षांच्या वह्या त्याने यंत्राला दिल्या. आता, आम्ही वहीत कधी नाव लिहीत नाही. नाव लांब असतं, नावं सारखी असतात, आणि स्टुलावरून माणसाचा चेहरा दिसण्याआधी त्याच्या बाकावरचा आकडा दिसतो. म्हणून आसनाचा क्रमांक टाकायचा. त्या दिवशी तिथे कोण बसलं होतं, ते नंतर आसनपटावरून बघून नाव घालायचं. ही आमची शंभर वर्षांची पद्धत. आम्हाला वाटलं, मुजावरला ठाऊक असेल. त्याला वाटलं, तो नंबर माणसाचा आहे.

"म्हणजे यंत्राला काय वाटतंय?" मी विचारलं.

"त्याला वाटतंय, या सभागृहात साडेपाचशे माणसं आहेत आणि ती पन्नास वर्षं जिवंत आहेत." तो स्टुलावर बसला. "सात नंबरचा एकच माणूस पन्नास वर्षं बोलतोय. तीनशे बाराचा एकच."

"मग सुधार की. आसनपट देते मी."

त्याने सुधारलं. तीन आठवडे खपून प्रत्येक भाषणाला खरं नाव लावलं, यंत्राला पुन्हा शिकवलं. प्रत्येक माणूस वेगळा केल्यावर यंत्र शंभरात एकसष्ट शब्दांवर आलं. मुजावरने तो आकडा मला दाखवला. मग त्याने चूक परत जागेवर ठेवली. वरून तसा लेखी आदेशच आला होता. 'पूर्वीची कार्यक्षमता पूर्ववत करावी.'

गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या माणसाला 'मानीव' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जे घडलेलं नाही, ते घडलं असं कायद्याने धरून चालायचं. पुढच्या अधिवेशनात नियम आला, की दोन्ही बाजूंचा पूर्वलेख उपलब्ध असेल तर ती चर्चा मानीव समजावी. सगळे काय बोलणार ते माहीतच आहे, तर दिवे आणि पंखे कशाला लावा? पहिल्यांदा एका कालव्याच्या नामकरणाची मानीव चर्चा झाली, मग मत्स्यबीज विधेयकाची. अट एकच होती, की मुख्य प्रतिवेदकाने शेवटच्या पानावर सही करायची. 'चर्चा झाली. पाठ पूर्ण आहे.'

आमचे मुख्य प्रतिवेदक कारखानीस साहेब. उंच पाठीची खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल. मी संघटनेचं निवेदन घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. नलावडेने ते टाइप केलं होतं आणि टाइप करता करता दोन विशेषणं स्वतःची घातली होती.

"साहेब, न झालेल्या चर्चेवर तुम्ही सही कशी करता?"

"कर्णिक बाई," ते म्हणाले, "चर्चा झाली की नाही हे ठरवणारा मी कोण? पानं क्रमाने आहेत का, एवढं मी बघतो. मी नाही केली तर दुसरा करेल, आणि त्याला पानांचा क्रमही कळणार नाही."

बाहेर आल्यावर नलावडे म्हणाली, "लाज कशी वाटत नाही." मी म्हटलं, वाटत असेल, टॉवेलाखाली दिसत नाही. डिसेंबरात कारखानीस निवृत्त झाले. ज्येष्ठतेने खुर्ची माझ्याकडे आली. मी टॉवेल बदलला.

मार्चच्या एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, नूपुरचा फोन आला. ती आता कॅप्टन होती, लष्कराच्या फिरत्या रुग्णालयात डॉक्टर.

"आई, आमचं रुग्णालय सामुद्रधुनीकडे निघतंय. म्हणजे बहुतेक. सभागृहात ठराव झाला की."

"कधी?"

"शुक्रवारी म्हणतायत. तू तिथेच असतेस ना? मला एक सांगशील? आम्ही कुणाच्या बाजूने जातोय?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"आमच्या साहेबांनाही नाही. मी जायला तयार आहे, आई, ते जाऊ दे. पण टेबलावर मुलगा येणार, पोट फाटलेला, तो विचारणार, डॉक्टर, आपण इथे कशाला आलो. मला काहीतरी सांगता आलं पाहिजे. चर्चा होईल ना? तुंगारे आहेत ना आता तुझे?"

"होईल," मी म्हटलं. तिचे बाबा गेले तेव्हा ती आठवीत होती. तेव्हाही मी तिला होईल, होईल असंच काहीतरी सांगितलं होतं.

दुपारी फाईल आली. सामुद्रधुनीत फौज पाठवण्याचा ठराव, मानीव चर्चेसाठी. त्रेचाळीस पानं. रणदिव्यांचं भाषण पान सहावर, आयांसकट. तुंगारे सरांचं उत्तर पान एकोणिसावर, पाण्यासकट. मतं, मंजुरी. बेचाळिसाव्या पानावर माझ्या सहीची जागा. त्रेचाळिसावं पान कुणी मागितलेलं नव्हतं.

'आसन शून्य,' म्हणजे पीठासीन अध्यक्ष. 'माननीय सदस्यहो, सामुद्रधुनीत कर्तव्य बजावताना आपल्या' आणि इथे एक रिकामी जागा होती, चारपाच अक्षरांएवढी, 'जवानांना वीरमरण आलं. सभागृह त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे. सदस्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.' त्याखाली कंसात, 'सदस्य स्तब्ध उभे राहतात.'

मी मुजावरला खोलीत बोलावलं.

"हे काय आहे?"

त्याने वाचलं. "पन्नास वर्षांत अशा ठरावानंतर काही महिन्यांनी हे पान येतंच, ताई. प्रत्येक वेळी. म्हणून ते आत्ताच लिहितंय."

"आणि ही रिकामी जागा?"

"ते फक्त बोलणं सांगतंय. आकडा त्याला कुठला कळणार. आकडा बाहेरनं येतो."

बुधवारी मी तुंगारे सरांची वेळ मागितली. जेवणाची सुट्टी सुरू होती, सर सभागृहातच आसन सातवर फाईल वाचत बसले होते. बाकी सगळे बाक रिकामे. दुपारच्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्या गालिच्यावर पडल्या होत्या आणि आमच्या दोघांच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

मी पान पुढे ठेवलं. त्यांनी वाचलं.

"ताई, हे यंत्राचं काम. आपण त्यात पडू नये."

"सर, माझी नूपुर जातेय."

ते थांबले. नूपुरचं शिक्षण त्यांना ठाऊक होतं. एकदा भडंगाचा एक पुडा त्यांनी खास तिच्यासाठी दिला होता. "असं का," ते म्हणाले. "अभिमानाची गोष्ट आहे. योग्य वेळी..."

"सर, एक कराल? तीनशे बारावर येऊन बसाल? दोन मिनिटं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गंमत म्हणून उठले. गुडघे दुखत असल्यामुळे सावकाश, गोल वळसा घालून समोरच्या बाजूला गेले आणि तीनशे बारावर बसले. बसताना बाकाच्या कडेला हात ठेवायची त्यांची जुनी सवय होती, तो हात आपोआप तिथे गेला.

"बोला," मी म्हटलं. "सामुद्रधुनीबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

त्यांचा चेहरा हळूहळू उघडत गेला. एखाद्या बंद घराच्या खिडक्या आतून कुणीतरी एकेक करून उघडाव्यात, तसं झालं.

"ताई, हे भयंकर आहे," ते म्हणाले. आवाज वेगळा होता, सात वर्षांपूर्वीचा. "मी हे काय मांडलंय? कुणाची बाजू घेऊन जातोय आपण, मलाच कुणी सांगितलेलं नाही. फाईलमध्ये कारणाच्या जागी मागच्या फाईलचा क्रमांक आहे. आणि ही पोर... हे थांबवलं पाहिजे. उद्या खरी चर्चा लावू. सगळे बाक भरलेले, सगळे जागे."

"लावा, सर."

"मी इथूनच बोलतो उद्या. रणदिव्यांना म्हणावं, एक दिवस सरका."

"नियम आहे. नेमून दिलेल्या आसनावरूनच बोलावं लागतं. बदलायचं तर अध्यक्षांकडे अर्ज करावा लागतो."

"मग अर्ज करतो. आत्ताच करतो." त्यांनी खिसे चाचपले. "चष्मा तिकडे राहिला."

मी म्हटलं, "मी आणून देते." पण ते उठले होते. "कागदही तिकडेच आहे, ताई, बसा तुम्ही." पुन्हा तो वळसा. मी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होते. सातजवळ पोचले, टेकले, चष्मा लावला, शिरनामा छापलेला कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

'माननीय अध्यक्ष,' त्यांनी लिहिलं. मला उलटं वाचता येतं, धंद्याने येतं. पुढचा शब्द काय लिहावा याचा विचार करत ते थोडे थांबले. मग पेल्याकडे हात गेला. पाणी प्यायले. टोपण लावलं.

"बघू," ते म्हणाले. आणि चष्म्यावरून माझ्याकडे अगदी आपुलकीने बघत, "ताई, तुम्ही आई आहात, मी समजू शकतो. पण या गोष्टी चव्हाट्यावर होत नसतात."

मी पुन्हा तिकडे चला म्हटलं. ते हसले. म्हणाले, गुडघे दुखतात.

गुरुवारी बारापर्यंत सही करून फाईल वर पाठवायची होती. सकाळी दहाला मी ती पुढे घेतली. मी सही करणार नाही हे ठरलेलं होतं. रात्रभर त्यात दुसरा विचार आला नव्हता. साडेदहाला मला वाटलं, एकदा पानांचा क्रम तरी बघून घ्यावा. क्रम बरोबर होता. पावणेअकराला मला वाटलं, मी नाही केली तर दुसरं कुणी करेल, आणि त्याला नूपुरबद्दल काय वाटणार? माझ्या हाताखालून गेली तर निदान काळजीने जाईल. अकराला हे सगळं मला अतिशय समंजस वाटायला लागलं होतं. खुर्ची आरामशीर आहे. पाठीला आधार असला की माणूस फार टोकाचा विचार करत नाही.

नलावडे चहा घेऊन आत आली, फाईल बघून थबकली. "मॅडम, तुम्ही सही करणार?"

"चर्चा झाली की नाही हे ठरवणारी मी कोण, संध्या?" मी म्हटलं. "पानं क्रमाने आहेत का, एवढं मी बघते."

तिने कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला. "मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "हे कारखानीस साहेबांचं आहे. शब्दाला शब्द."

मी हातातल्या पेनाकडे बघितलं. टोपण निघालेलं होतं. केव्हा काढलं ते आठवत नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, भीती वाटायला पाहिजे होती तेवढी वाटत नव्हती. ती बसल्या जागी पोचतच नव्हती.

मी उठले. उठायला लागला तेवढा जोर मला नूपुरच्या बाळंतपणातही लागला नव्हता. फाईल छातीशी धरून जिना उतरले, दरवानाला ओळखपत्र दाखवलं आणि रिकाम्या सभागृहात त्या बिनपाठीच्या स्टुलावर जाऊन बसले. बसताक्षणी ती भीती पोचली. मला इतकं बरं वाटलं. माझी मुलगी जात होती आणि मला भीती वाटत होती.

बेचाळिसाव्या पानावर, 'चर्चा झाली' या छापील शब्दांवर रेघ मारून मी लिहिलं, 'चर्चा झालेली नाही. या सभागृहात या विषयावर कुणीही एक शब्द बोललेलं नाही. मी इथेच बसले आहे.' खाली सही, दिनांक, वेळ. अकरा वाजून चाळीस मिनिटं.

फाईल माझ्या हाताने वर नेऊन दिली.

दोन वाजता पत्र आलं. माझा शेरा विहित रकान्यात बसत नसल्यामुळे विचारात घेता येत नाही. माझी बदली ग्रंथालयाच्या अभिलेख विभागात झाली असून मुख्य प्रतिवेदकाचा कार्यभार तूर्त श्रीमती संध्या नलावडे यांच्याकडे सोपवण्यात येत आहे. मी माझा डबा आणि छत्री घ्यायला गेले तेव्हा नलावडे खुर्चीत बसलेली होती. तिच्यासमोर नवीन बेचाळिसावं पान होतं.

"संध्या, उठ," मी म्हटलं. "एक मिनिट उठून बोल माझ्याशी."

तिने वर बघितलं. डोळे सकाळचेच होते, ओले. पण चेहरा हळूहळू शांत होत होता, आंघोळ घातलेल्या बाळासारखा.

"मॅडम, मी फक्त क्रम बघतेय," ती म्हणाली.

शुक्रवारी ठराव झाला. रविवारी दुपारी छावणीच्या फाटकापाशी मला नूपुरला वीस मिनिटं भेटता आलं. मी बेसनाचे लाडू नेले होते. तिने एक तिथेच खाल्ला.

"पत्रकात आलंय, सविस्तर चर्चेअंती," ती म्हणाली. "कोण काय म्हणालं गं?"

"कुणी काही म्हणालं नाही."

"म्हणजे?"

"चर्चा झाली नाही, नूपुर. मी तसं लिहून दिलंय. ते त्यांनी काढून टाकलं."

तिने बोटावरचा लाडवाचा कण चाटला. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. त्या मुलाने विचारलं तर हेच सांगेन. निदान खोटं नाही." मग वळून आत गेली. चालताना डावा पाय किंचित बाहेर टाकते, लहानपणापासून.

याला आता दहा महिने झाले. ग्रंथालयात काम कमी आहे. आमच्या सगळ्या जुन्या वह्या माझ्या ताब्यात आहेत आणि एका कोपऱ्यात पूर्वलेखाचा पडदा आहे.

गेल्या मंगळवारी तुंगारे सर आले होते. निवडणूक जवळ आलीय आणि त्यांची बाजू पडणार असं सगळे म्हणतात. हातात भडंगाचा पुडा होता, किती तरी दिवसांनी.

"ताई, माझं ते जुनं भाषण हवंय. फौजेबद्दलचं. पुन्हा लागेल असं दिसतंय."

मी दोन वह्या काढून समोर ठेवल्या. लघुलिपी त्यांना येत नाही, म्हणून शेजारी टाइप केलेली पानं ठेवली. त्यांनी चष्मा नाकावर चढवला, एक पान वाचलं, दुसरं वाचलं, पुन्हा पहिलं वाचलं.

"यातलं माझं कुठलं?"

"दोन्हींवर तीनशे बारा आहे, सर. वहीत नाव नसतं."

"तारखेवरून कळेल की."

"कळेल. एक रणदिव्यांचं आहे."

त्यांनी तारखा बघितल्या नाहीत. ग्रंथालयाच्या बाकावर क्रमांक नाही, म्हणून असेल, त्यांचा चेहरा त्या दिवशी कुठलाच नव्हता. आयांचं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं. "काय बोलत होतो बघा आपण," ते म्हणाले, आणि डोळे पुसले. मग आठवल्यासारखं करून विचारलं, "तुमची मुलगी कशी आहे?"

"तिथेच आहे."

"हं," ते म्हणाले. भडंग तसाच ठेवून गेले.

मी रोज साडेदहाला पडद्यावर आसन शून्यचं पान काढते. पुढचं अधिवेशन सोमवारी सुरू होतंय आणि ते पान पहिल्या दिवसाच्या कामकाजात लागलंय. आकड्याची जागा अजून रिकामी आहे. कोपऱ्यात एक खुर्ची आहे, पण मी ते पान उभी राहून बघते.